गाडी चढाला मागे राहते!

आमच्या ऑफिसात माझ्या टेबलावर एक तार आहे. खाली लाकडाचे गोल बूड आणि वर अणकुचीदार टोक. ड्रायव्हर लोक ज्या चिठ्ठ्या आणून देतात त्या मी या तारेत ओवतो. पंक्चर, हवा, ग्रीस, टोल, डिझेल, चहापाणी, सगळ्या चिठ्ठ्या तिथेच. महिनाअखेर व्हाउचर झाले की गठ्ठा काढायचा, दोऱ्याने बांधायचा आणि कपाटात ठेवायचा. बी.कॉम. होऊन नाशिकच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. या तारेने मला जो धडा दिला तो कॉलेजात मिळाला नव्हता. वाचक बंधू-भगिनींनो, आज तोच तुमच्यापुढे ठेवतो. आपल्या वस्त्यांमधून किती घरे ट्रकच्या चाकावर चालतात हे मी सांगायला नको. कोणाचे वडील ड्रायव्हर, कोणाचा भाऊ क्लीनर, कोणाचा मुलगा गॅरेजात पाना धरतो. म्हणून हा विषय घरातल्या पानावरचाच आहे.

नावे सांगत नाही. नावाशी आपल्याला काम नाही.

आमच्याकडे खडी-मुरूम वाहणारे दोन टिपर होते, पूर्ण ऑटोमॅटिक गिअरचे. क्लचचा पायडल नाही, गिअरचा दांडा नाही. बटण दाबायचे आणि ॲक्सिलेटर द्यायचा. त्यातल्या एका टिपरवर पन्नाशीतले एक ड्रायव्हर होते. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला भाऊसाहेब म्हणतात. एके दिवशी संध्याकाळी ते टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“भाऊसाहेब, गाडी चढाला मागे राहते. इंजिन नुसते ओरडते, चाकाला जोर येत नाही. गिअरचे ऑईल बघायला सांगा.”

मी म्हणालो, “मामा, या महिन्यात टायरचा खर्च झालाय. पुढच्या महिन्यात टाकू.”

मामांनी वाद घातला नाही. खिशातून चिठ्ठी काढली, टेबलावर ठेवली आणि गेले. ती मी तारेत ओवली. पुढच्या महिन्यात दुसरी चिठ्ठी आली. ती मी वर पाठवली, पण “सध्या राहू द्या” असा शेरा मारून ती परत आली. तिसऱ्या महिन्यात तिसरी चिठ्ठी आली, आणि त्याच आठवड्यात खडी भरलेला टिपर क्रशरच्या चढावर उभाच राहिला. पुढे जाईना. इंजिन चालू, गाडी जागेवर.

गिअरबॉक्स खोलला तेव्हा आतले तेल काळे होऊन त्याला करपल्याचा वास येत होता. दुरुस्तीचा आकडा लाखांत गेला. मग वरून हुकूम आला : ड्रायव्हरने हयगय केली, हा खर्च त्याच्या पगारातून हप्त्याने कापून घ्या. तसे पत्र टाईप करण्याचे काम माझ्याकडेच आले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मामांच्या घरी कॉलेजात जाणारी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली आई. पगार कापला म्हणजे फीही बंद आणि औषधही बंद. सकाळी लवकर ऑफिसात गेलो आणि कपाटातले गठ्ठे सोडले. तीन चिठ्ठ्या सापडल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचे वाकडे-तिकडे अक्षर, पण खाली तारीख, गाडीचा नंबर आणि किलोमीटरचा आकडा. तीनही चिठ्ठ्यांवर! मी पत्र टाईप केले नाही. चिठ्ठ्या घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि टेबलावर ओळीने मांडल्या. पहिली चिठ्ठी मी स्वतः वर पाठवलीच नव्हती, हेही सांगून टाकले.

कपात रद्द झाली. मला लेखी समज मिळाली, ती मी घेतली. पण टिपर कित्येक आठवडे उभा होता. तेवढ्या दिवसांचा मामांचा फेरीभत्ता बुडाला तो बुडालाच. तो त्यांना कोणी भरून दिला नाही. माझ्या एका “पुढच्या महिन्यात” या शब्दाची किंमत त्या घराने मोजली.

तेव्हापासून मी ठरवले की ज्या गोष्टीचे व्हाउचर आपण करतो ती गोष्ट काय आहे हे समजून घ्यायचे. गॅरेजातल्या उस्तादांपाशी सुटीच्या दिवशी जाऊन बसू लागलो, कंपन्यांची माहितीपुस्तके वाचू लागलो. जे कळले ते साध्या भाषेत सांगतो.

दोन पंख्यांची गोष्ट

इंजिन आणि चाके यांच्यामध्ये गिअरबॉक्स असतो. ओझे घेऊन चढ चढायचा तर चाके सावकाश पण जोराने फिरली पाहिजेत, आणि सपाट रस्त्यावर वेगाने. इंजिनाची ताकद अशी कमी-जास्त करून चाकाला देणे हे गिअरचे काम. आपल्याकडे सन १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक तयार होऊ लागले, तेव्हापासून कित्येक पिढ्या आपल्या ड्रायव्हरांनी डाव्या पायाने क्लच दाबून आणि डाव्या हाताने दांडा ओढून हे काम केले. दिवसातून शेकडो वेळा! गुडघे आणि कंबर का दुखते, हे ड्रायव्हरच्या घरच्यांना विचारावे.

पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. उस्तादांनी मला हे असे समजावले : टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसरा बंद पंखाही फिरू लागतो. दोघांमध्ये दांडा नाही, साखळी नाही, फक्त वारा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते, एवढाच फरक. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या माऱ्याने गिअरकडचा पंखा फिरतो. ही कल्पना प्रथम जहाजासाठी निघाली. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने सन १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत सन १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअर आला आणि नंतर तो बस-ट्रकमध्येही आला. जड गाड्यांचे असे गिअरबॉक्स करणाऱ्या ॲलिसन कंपनीचा कारखाना आता आपल्याकडे चेन्नईजवळ आहे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या मागे गिअरचे संच असतात. मध्ये एक गिअर सूर्यासारखा आणि भोवती लहान गिअर ग्रहांसारखे. कोणता गिअर धरायचा आणि कोणता मोकळा सोडायचा हे ठरते गोल चकत्यांच्या थप्प्यांवर. बिस्किटाच्या पुड्यात बिस्किटे असतात तशा या चकत्या एकाला एक लावून बसवलेल्या असतात. तेलाचा दाब आला की थप्पी आवळली जाते, दाब गेला की सुटते. दाब कुठे जावा हे कॉम्प्युटर आणि बारीक-बारीक झडपा ठरवतात.

आता लक्षात घ्या. या बॉक्समध्ये तेल चार कामे करते. ते ताकद वाहून नेते, चकत्या आवळते, सगळ्या भागांना वंगण देते आणि उष्णता बाहेर नेते. म्हणून साध्या गिअरबॉक्समध्ये तेल जुने झाले तर गाडी कुरकुर करत का होईना, चालते. ऑटोमॅटिकमध्ये तेल बिघडले म्हणजे सगळेच बिघडले. तेल कमी किंवा खराब झाले की दाब पडतो, दाब पडला की चकत्या पूर्ण आवळल्या जात नाहीत आणि एकमेकींवर घसरतात. घसरल्या की तापतात, तापल्या की तेल आणखी करपते. मामा म्हणत होते ते हेच : इंजिन ओरडते आणि चाकाला जोर येत नाही. टिपरचा रोग त्यांनी तीन महिने आधी ओळखला होता.

ऑटोमॅटिक म्हणून विकले जाते ते दुसरे

इथे एक खुलासा करतो, कारण यात पुष्कळांची गफलत होते. आडगावच्या ट्रक टर्मिनसवर आज जे नवे मालट्रक ‘ऑटोमॅटिक’ म्हणून दिसतात, त्यातले बहुतेक पूर्ण ऑटोमॅटिक नसतात. त्यांना एएमटी म्हणतात. आत नेहमीचाच गिअरबॉक्स, नेहमीचीच क्लचप्लेट. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम ड्रायव्हरऐवजी हवेच्या किंवा तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा करते आणि तिला कॉम्प्युटर हुकूम देतो. व्होल्वोचा आय-शिफ्ट नावाचा असा गिअर सन २००१ मध्ये आला. आता आपल्या देशी कंपन्यांच्या ट्रकमध्येही एएमटी मिळतो. टॉर्क कन्व्हर्टरचे पूर्ण ऑटोमॅटिक आपल्याकडे मुख्यतः डंपर, टिपर, अग्निशमनाच्या गाड्या आणि काही शहर बसमध्ये दिसते.

दोघांचे सर्व्हिसिंग वेगळे आहे. एएमटीच्या बॉक्समध्ये कंपनीने सांगितलेले गिअर ऑईल लागते. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये ऑटोमॅटिकचेच खास पातळ तेल लागते. एकाच्या जागी दुसरे टाकले तर बॉक्स वाया गेलाच समजा. “ऑईल ते ऑईल, काय फरक पडतो” असे म्हणणाऱ्या माणसाच्या हातात डबा देऊ नये.

सर्व्हिसिंग कसे करतात

प्रथम आपला जीव सांभाळायचा. गाडी सपाट जागेवर, पार्किंग ब्रेक लावलेला, चाकांना पुढून-मागून उटी. काम चालू असताना गाडीची चावी खाली काम करणाऱ्याच्याच खिशात हवी. वरून कोणी नकळत स्टार्टर मारला तर काय होईल याचा विचार करा. टिपरची ट्रॉली वर उचललेली असेल तर तिला लोखंडी टेका दिल्याशिवाय तिच्याखाली डोकेसुद्धा घालू नये. हायड्रॉलिकच्या भरवशावर ट्रॉलीखाली गेलेल्या माणसाला ती खाली आली तर निसटायला वेळ मिळत नाही.

तेलाची पातळी थंड गाडीवर बघून भागत नाही. थंड असताना बघितली तर गाडी सुरू करण्यापुरते तेल आहे एवढेच कळते. खरी तपासणी तेल तापल्यावर, सुमारे ७० ते ९५ अंश सेल्सिअसला. गिअर न्यूट्रलमध्ये, ब्रेक लावलेला आणि इंजिन सावकाश चालू ठेवून. डिपस्टिक काढण्याआधी तिच्या तोंडाभोवतीची धूळ पुसून घ्यायची. पट्टी पुसायला गॅरेजातले सुताचे वेस्ट वापरू नये. त्याचे तंतू आत गेले तर बारीक झडपा अडकतात. तंतू न सुटणारे स्वच्छ फडके हवे. पट्टी दोनदा बुडवून बघायची, दोन्ही वेळा पातळी सारखी आली तर ती खरी. नव्या गाड्यांत गिअरची बटणे दाबून तेल कमी की जास्त हे पडद्यावरही वाचता येते.

तेल कमी वाईट, तसे जास्तही वाईट. जास्त झाले की फिरणारे गिअर ते घुसळतात, ताकात फेस येतो तसा फेस येतो. फेसाला दाब धरता येत नाही आणि बॉक्स तापतो. म्हणून “थोडे जास्तच टाक, राहू दे” ही चहाच्या दुधाची रीत इथे चालत नाही.

मग तेल बघायचे, चिमटीत घेऊन वास घ्यायचा. नवे तेल बहुधा लाल असते. वापराने ते गडद होते, आणि काही सिंथेटिक तेले लवकर गडद होतात, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नये. करपल्याचा वास आला तर चकत्या जळत आहेत. तेल दुधाळ, गुलाबी चहासारखे दिसले तर कूलर फुटून रेडिएटरचे पाणी तेलात मिसळत आहे. अशी गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये.

तेल बदलायचे तर ते कोमट-गरम असताना सोडावे, म्हणजे गाळ बरोबर निघतो. पण गाडी नुकतीच उभी केली असेल तर थांबावे, उकळत्या तेलाने हात भाजतात. खालचा बोल्ट काढला की त्याच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ लोण्यासारखा थर असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे लोखंडाचे कण असतील तर आत काहीतरी तुटले आहे. मग तेल बदलून गाडी हाकलण्यात अर्थ नाही, बॉक्स जाणकाराला दाखवावा लागतो.

फिल्टर बदलल्याशिवाय तेल बदलणे म्हणजे घाणेरड्या माठात ताजे पाणी भरणे. बोल्टचा वायसर नवा टाकायचा. बोल्ट हाताच्या अंदाजाने नव्हे, टॉर्कच्या पान्याने सांगितलेल्या मापाने आवळायचा. कारण बॉक्स ॲल्युमिनियमचा असतो, जास्त आवळला तर आटे जातात.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. बोल्ट काढल्यावर सगळे तेल खाली येत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये राहते. म्हणून पुस्तकात बॉक्सचे एकूण तेल जेवढे लिहिलेले असते तेवढे पुन्हा ओतायचे नाही. निघाले किती ते मोजायचे, बदलीसाठी सांगितलेला आकडा बघायचा, त्याप्रमाणे भरायचे. मग इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय ठेवून, पुढचा आणि मागचा गिअर टाकून बघायचा आणि तेल तापल्यावर पुन्हा पातळी बघायची. शेवटी कॉम्प्युटरमधला सर्व्हिसिंगचा आकडा शून्यावर आणायचा, नाहीतर पुढची सूचना चुकीची येते.

उरली तीन साधी कामे. कूलरच्या जाळीत बसलेली धूळ हवेने किंवा पाण्याने साफ करणे, बॉक्सच्या डोक्यावरचा श्वास घेणारा छोटा टोप साफ ठेवणे, आणि नळ्यांना कुठे पाझर आहे का ते बघणे. आमच्या टिपरच्या कूलरची जाळी खडीच्या भुकटीने लिंपून गेली होती. एका माणसाचे अर्ध्या तासाचे काम कोणी केले नाही.

एएमटीच्या गाडीला याशिवाय रोजचे एक काम आहे. हवेच्या टाकीतले पाणी सोडणे. दमट हवेचे पाणी टाकीत साचते, ते गिअरच्या हवेच्या यंत्रणेत गेले की झडपा गंजतात आणि गिअर अडकू लागतो. एअर ड्रायरची डबी वेळेवर बदलायची. क्लचप्लेट नवी टाकली तर कॉम्प्युटरला तिची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर गाडी धक्के देते. लोक समजतात मिस्त्रीने काम बिघडवले.

किती किलोमीटरला किंवा किती तासांना तेल बदलायचे, ते ज्या-त्या गाडीच्या पुस्तकात असते. तेच खरे मानावे. पण ध्यानात ठेवा, टिपर दिवसभर धुळीत, चढावर, थांबत-थांबत चालतो. त्याला हमरस्त्यावरच्या ट्रकची मुदत लावायची नाही. अशा कामाची कमी मुदत पुस्तकात वेगळी दिलेली असते. किलोमीटर कमी दिसतात म्हणून आमच्या ऑफिसने मुदत लांबवली. इंजिनाचे तास मोजले असते तर चूक तिथेच कळली असती. हिशेबाच्या माणसाने हिशेबच चुकीचा धरला!

कसाऱ्याचा घाट आणि न्यूट्रल

नाशिकहून द्राक्षाचे कंटेनर न्हावा-शेव्याला जातात, लासलगाव-पिंपळगावचा कांदा मुंबईला जातो. घोटी-इगतपुरी सोडली की कसाऱ्याचा घाट. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि तिथल्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्याने पुष्कळ वाहने घाटाऐवजी आतून जाऊ लागली. तरी जुना घाट चालूच आहे आणि एक जुनी सवयही चालू आहे : उताराला न्यूट्रल करून गाडी सोडायची, म्हणजे डिझेल वाचते.

बंधूंनो, हा समज आजच्या इंजिनाला लागू नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटर सोडला तर नवे इंजिन डिझेल घेणेच बंद करते. न्यूट्रल केले तर इंजिन चालू ठेवण्यासाठी उलट डिझेल लागते. म्हणजे वाचत तर काहीच नाही, वर इंजिनाचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकच्या लायनिंगवर येतो. लायनिंग तापले की ब्रेक लागत नाही. घरी वाट बघणाऱ्यांच्या जिवावर बेतणारी ही बचत आहे.

दुसरे, पूर्ण ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर ती ढकलून चालू होत नाही. आणि तशीच दोर बांधून ओढून नेऊ नये. आतला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरताहेत, म्हणजे गिअर कोरडे फिरून जळतात. प्रोपेलर शाफ्ट सोडूनच गाडी ओढायची.

घरासाठी चार शब्द

गॅरेजात काम करणाऱ्याचे तेलकट कपडे मुलांच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत. वापरलेले तेल अंगावर राहणे चांगले नाही. हात डिझेलने किंवा पेट्रोलने धुण्याची सवय मोडावी, त्याने कातडी फाटते. साबणाने धुवावेत, जमल्यास हातमोजे वापरावेत. जुने तेल नाल्यात ओतू नये. आपले नाले शेवटी गोदावरीला मिळतात. वापरलेले तेल हे घातक कचऱ्यात मोडते, ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते.

आणि पगाराविषयी. ताब्यात दिलेल्या वस्तूचे नुकसान कामगाराच्या हयगयीने झाले असेल तरच, आणि झालेल्या नुकसानीपुरतीच कपात करता येते. तीही कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावर. हे तत्त्व सन १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते आणि सन २०१९ च्या वेतन संहितेतही ठेवलेले आहे. पण म्हणणे मांडायला हातात कागद लागतो. मामांकडे तो होता. म्हणून ड्रायव्हर भावांना माझी विनंती आहे : गाडीची तक्रार तोंडी सांगून थांबू नका. तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर किंवा तास आणि दोष लिहून द्या, एक प्रत आपल्याजवळ ठेवा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलीला सांगा, ती लिहून देईल. मोबाईलने चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला तरी पुरे.

शेवटचे सांगणे गॅरेजात पाना धरणाऱ्या मुलांना. उस्तादांच्या हाताखाली शिकलेले काम सोने आहे, पण आता गाडीत कॉम्प्युटर आला आहे. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा ट्रेड दोन वर्षांचा आहे, मेकॅनिक डिझेल एका वर्षाचा. सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन प्रवेशाची चौकशी करा. आईवडिलांनी मुलाला “लगेच कमावायला लाग” असे म्हणण्याआधी हा विचार करावा. मुलींनीही मागे राहू नये. दाब, तापमान आणि पडद्यावरचे आकडे वाचायला मनगटापेक्षा डोके लागते.

मामा आज दुसरीकडे कामाला आहेत, मुलगी पदवीधर झाली. मध्यंतरी द्वारकेला भेटले. चहा घेताना मी विचारले, “मामा, चिठ्ठीवर किलोमीटर लिहायचे तुम्हाला कोणी शिकवले?”

ते म्हणाले, “भाऊसाहेब, पहिल्या उस्तादाने सांगितले होते, माणूस विसरतो, आकडा विसरत नाही.”

माझ्या टेबलावर ती तार अजून आहे. फरक एवढाच की आता तिच्यातली चिठ्ठी संध्याकाळपर्यंत तिथे राहत नाही. त्याच दिवशी वर जाते, आणि “पुढच्या महिन्यात” असे मी कोणाला म्हणत नाही.